उंबरठा कुठे बसवायचा?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल परवा वाचला, काल पुन्हा वाचला. सोबतची चित्रंही पाहिली. मायक्रो-सीटीवर, म्हणजे लहान नमुने बारकाईनं बघायच्या एक्स-रे स्कॅनरवर काढलेली उंदराच्या मांडीच्या हाडाची ती निळी-पिवळी त्रिमिती चित्रं देखणी आहेत, भिंतीवर लावण्याजोगी. पण खरं सांगू? मला त्यांतून काहीच कळलं नाही. रंग चढवण्याआधीची करडी चित्रं पाठवली असतीस तर चार गोष्टी बोलता आल्या असत्या.

तू तीन प्रश्न विचारलेस. कोणतं सॉफ्टवेअर शिकू, पीएच.डी. कुठे करू, आणि फिजिक्सवालीनं हाडांच्या संशोधनात पडावं का. तिसऱ्याचं उत्तर हो. पहिल्याचं उत्तर पाच ओळींत संपतं, ते पुढे लिहीन. दुसऱ्याचं नेमकं उत्तर माझ्याकडे नाही, कारण मी शिकायला गेले तेव्हाचं जग आता उरलेलं नाही. पण लॅब कशी पारखायची ते सांगू शकते.

त्याआधी एक गृहपाठ. येत्या रविवारी खाटकाकडून बकऱ्याची एक नळी आण. टोकाच्या गाठीसकट मागून घे, नाहीतर तो सवयीनं तुकडे करून देईल. घरी चालत नसेल तर मैत्रिणीकडे कर. आमच्याकडे मिरजेला अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. मी पहिली नळी मैत्रिणीच्या परसात उकळली, आणि तिची आई शेवटपर्यंत हळहळत होती, ‘अगं, रस्सा तरी करू दे त्याचा.’ उकळून मांस सुटलं की हॅकसॉनं नळी उभी चीर. आतला मगज काढ, धुण्याच्या पावडरीच्या कोमट पाण्यात दोन दिवस भिजव, जुन्या टूथब्रशनं घास, उन्हात वाळव. मग भिंग घेऊन बस.

मधला भाग म्हणजे जाड, गुळगुळीत, हस्तिदंतासारखी नळी. टोकाकडे सरकशील तशी ती भिंत पातळ होत जाते आणि आत जाळी सुरू होते. ही जाळी नुसती स्पंजासारखी नाही. नीट बघितलंस तर तिच्या काड्यांना आणि पट्ट्यांना दिशा आहे. सांध्यावर भार जिथून येतो तिथून त्या निघतात आणि कमानीसारख्या वळून भिंतीला मिळतात. अंगठ्यानं दाब. दबत नाही. मग एकच काडी चिमटीत धरून मोड, कट्कन मोडेल. एकेकटी इतकी नाजूक आणि एकत्र इतकी चिवट, ही गोष्ट बोटांना कळणं वेगळं आणि वाचून कळणं वेगळं.

झुरिचमध्ये १८६६ च्या सुमाराला हेर्मान फोन मायर नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञानं खुब्याकडच्या हाडाचा असाच उभा छेद लोकांपुढे ठेवला होता. तिथे कार्ल कुलमान हा इंजिनिअर होता, पुलांचे आणि यारींचे, म्हणजे क्रेनचे, हिशेब कागदावर रेषा काढून करणारा. त्याला त्या जाळीत त्याच्या यारीतल्या ताण-दाबाच्या रेषा दिसल्या. पुढे १८९२ मध्ये बर्लिनच्या युलियस वोल्फनं त्यावर नियमच बांधला, की हाडावर जसा भार पडेल तशी त्याची घडण बदलते. ही गोष्ट नंतर फार रंगवून सांगितली गेली. वोल्फचं गणित तितकं चोख नाही, आणि यारीचं साम्यही ओढूनताणून आणलेलं आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत. तरी मला ती आवडते. हाडवाला आणि पूलवाला एका टेबलाशी उभे राहिले, हे त्यातलं महत्त्वाचं. तुझं पुढचं सगळं आयुष्य त्या टेबलाशी जाणार आहे.

आता एक्स-रेकडे येते. १८९५ च्या डिसेंबरात रॉंटगेननं बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात बोटांची हाडं आणि अंगठी दिसली, ही गोष्ट तुला शाळेपासून ठाऊक आहे. पण ती सावली होती. पुढचं-मागचं सगळं एकावर एक पडलेलं. सावल्या वेगवेगळ्या कोनांतून घेतल्या तर मूळ वस्तू परत बांधता येते, हे गणित योहान राडोननं १९१७ मध्येच मांडलं होतं. ते वैद्यकात कुणाच्या गावीही नव्हतं.

तू ॲलन कॉरमॅकची गोष्ट वाचावीस असं मला फार वाटतं. केप टाउनला फिजिक्स शिकवायचा. १९५६ मध्ये तिथल्या ग्रूट स्क्यूर रुग्णालयाला कायद्यानं भौतिकशास्त्रज्ञ हवा होता, म्हणून आठवड्यातला थोडा वेळ हा तिथे जायचा. तिथे त्याला प्रश्न पडला, की शरीराच्या आत कुठे किती किरण शोषले जातात ते ठाऊक नसताना उपचाराचा डोस कसा ठरवतात? त्यानं प्रयोगाला ॲल्युमिनियमचं गोल नळकांडं घेतलं, भोवती लाकूड. मोजमापं केली, गणित केलं, आकडे जुळले. फक्त अगदी मध्याजवळचे काही बिंदू रेषेवर बसेनात. आपण काय केलं असतं? ‘एक्स्पेरिमेंटल एरर’ म्हणून सोडून दिलं असतं. त्यानं चौकशी केली. तेव्हा कळलं, की त्याच्या नकळत त्या नळकांड्याच्या मध्यभागी किंचित वेगळ्या ॲल्युमिनियमची खुंटी होती. मोजणाऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट मोजमापानं सांगितली होती.

१९६३ आणि १९६४ मध्ये त्यानं लेख छापले. प्रतिसाद जवळपास शून्य. लेखाची प्रत मागणाऱ्यांत सगळ्यात मजेशीर पत्र स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन अभ्यासणाऱ्या केंद्राकडून आलं, हे त्यानं पुढे नोबेलच्या व्याख्यानात सांगितलं. डोंगरावरच्या बर्फाच्या थरात काय आहे ते कळेल का, असं त्यांना बघायचं होतं. गंमत म्हणजे आज दावोसला बर्फाची जाळी खरोखरच मायक्रो-सीटीत घालून बघतात, आणि ती हाडाच्या जाळीसारखी इतकी दिसते की मी एकदा फसले होते. तिकडे लंडनजवळ गॉडफ्री हाउन्सफील्ड, पदवी नाही, पीएच.डी. नाही, जुन्या लेथच्या पायावर सीटी स्कॅनचं पहिलं यंत्र बसवून काम करत होता. पहिल्या चित्राला नऊ दिवस लागले. १ ऑक्टोबर १९७१ ला विम्बल्डनच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू स्कॅन झाला, आणि १९७९ चं नोबेल दोघांना मिळालं. पीएच.डी.च्या मुलाखतीत या दोघांबद्दल सगळे सांगतात, म्हणून तू वेगळं काही सांग.

वेगळं म्हणजे हे. रिकन्स्ट्रक्शनच्या, म्हणजे सावल्यांवरून चित्र बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टरची यादी असते, त्यात ‘रॅम-लॅक’ नावाचा एक फिल्टर दिसेल. मला कितीतरी महिने वाटत होतं की हे एखाद्या कंपनीचं नाव असावं. ते आहे रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन. जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की सावल्यांवरून वस्तू परत बांधायला फूरिये रूपांतराचा लांबचा वळसा घ्यायची गरज नाही, कॉन्व्होल्यूशननं, म्हणजे शेजारच्या आकड्यांची ठरावीक प्रमाणात बेरीज करत जाऊन, काम लवकर आणि अचूक होतं. आणि हेच रामचंद्रन १९५४-५५ मध्ये मद्रासला गोपीनाथ कर्ता यांच्याबरोबर कोलॅजन या धाग्यासारख्या प्रथिनाची रचना शोधत होते. तीन धाग्यांचा पीळ, तिपेडी वेणीसारखा. त्यासाठी कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंध तिथल्याच चर्म संशोधन संस्थेतून मिळाला होता. हाड म्हणजे कोलॅजनच्या धाग्यांत बसवलेलं खनिज. म्हणजे बघ, हाडाचा ताणा ज्यानं उलगडला, त्यानंच हाडाचं चित्र विणायचं गणित दिलं. दोन्ही कामं सोळा-सतरा वर्षांच्या अंतरानं, वेगवेगळ्या कारणांसाठी. त्यांचा एकमेकींशी संबंध लावायचं सुख आपल्या वाट्याला आलं.

मायक्रो-सीटी हाडांपर्यंत आला तोही असाच, आडवाटेनं. मिशिगनमध्ये फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधन शाखेत ली फेल्डकॅम्प सिरॅमिकच्या भागांतले बारीक दोष शोधायला यंत्र बांधत होता. शंकूसारख्या पसरणाऱ्या किरणांतून चित्र बांधायची त्याची रीत १९८४ मध्ये छापली गेली, आणि आजही तुझं यंत्र बहुधा तीच रीत वापरतं. डेट्रॉइटच्या रुग्णालयातले हाडांचे डॉक्टर आणि मिशिगन विद्यापीठातले स्टीव्हन गोल्डस्टाइन त्याच्याकडे हाडाचे तुकडे घेऊन गेले. १९८९ मध्ये हाडाच्या जाळीचा तो त्रिमिती अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडीचे भाग तपासायच्या यंत्रात माणसाचं हाड. मग झुरिचमध्ये पेटर रूएगसेगर आणि त्याच्या शिष्यांनी ते यंत्र टेबलावर मावेल असं केलं, आणि नव्वदीच्या दशकात आमच्यासारख्यांच्या नोकऱ्या तयार झाल्या.

आता मुद्द्याचं. तुझ्या करड्या चित्रात प्रत्येक घनठिपक्याला, व्हॉक्सेलला, एक आकडा असतो. हाड कुठलं आणि मगज कुठला हे यंत्राला ठाऊक नसतं. ते तू ठरवतेस. अमुक आकड्याच्या वर हाड, खाली नाही. याला सगळे थ्रेशोल्ड म्हणतात, मी मनातल्या मनात उंबरठा म्हणते. उंबरठा जिथे बसवशील तिथे घर सुरू होतं; वीतभर बाहेर बसवलास तर अंगणही घरात येतं.

उदाहरण घे. उंदराच्या जाळीतली एक पट्टी साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तुझा व्हॉक्सेल १० मायक्रॉनचा. म्हणजे जाडीत जेमतेम चार-पाच ठिपके. कडेचे दोन ठिपके अर्धे हाडात, अर्धे मगजात, त्यामुळे ते धड पांढरे नाहीत, धड काळे नाहीत. उंबरठा जरासा वर सरकवला की ते दोन्ही गळतात. पाचाचे तीन. हाड ४० टक्क्यांनी बारीक झालं, आणि उंदराला बिचाऱ्याला पत्ताच नाही! सॉफ्टवेअर निमूटपणे दशांश चिन्हानंतर चार आकडे देऊन तुला जाडी सांगेल. त्या चार आकड्यांवर फिदा होऊ नकोस. ‘ऑटो’ हा शब्द दिसला की सावध हो. यंत्रानं प्रत्येक हाडाला वेगळा उंबरठा बसवला तर ज्या उंदरांची हाडं विरळ खनिजाची त्यांचीच उणीव झाकली जाते. आणि सगळ्यांना एकच बसवला तर कोवळं हाड, ज्यात खनिज अजून भरायचंय, गायब होतं. यातलं काय बरोबर, हे पुस्तकात नाही. प्रश्न काय आहे त्यावर ठरतं. दोन्ही वेळा करडं चित्र आणि काळं-पांढरं चित्र शेजारी शेजारी ठेवून डोळ्यांनी बघ, आणि जे ठरवलंस ते वहीत लिही. पहिली काही वर्षं तरी दर नमुन्याला असं कर.

२०१० मध्ये जर्नल ऑफ बोन अँड मिनरल रिसर्चमध्ये उंदीर-घुशींच्या हाडांच्या मायक्रो-सीटीसाठी मार्गदर्शक नियम छापून आले आहेत. किती व्होल्टेज, किती मायक्रॉन, कोणता उंबरठा, हे सगळं लेखात सांगायलाच हवं असं त्यात आहे. तो लेख मिळव आणि उशाशी ठेव. मी सुरू केलं तेव्हा तो नव्हता. म्हणून माझी फजिती ऐक.

पहिल्याच पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या नोकरीतली गोष्ट. चोवीस घुशी, म्हणजे प्रयोगशाळेतले मोठे उंदीर, सगळ्यांची बीजकोषं काढलेली. म्हणजे बाईची पाळी गेल्यावर हाडाचं जे होतं ते घुशीत घडवायचं. बाराजणींना औषध, बाराजणींना नाही. मला घाई, सरांना माझ्याहून जास्त. म्हणून औषधवाल्या बारा आधी स्कॅन केल्या. मग मध्ये यंत्र बिघडलं, इंजिनिअर आला, एक्स-रेची ट्यूब बदलून गेला. पुढच्या आठवड्यात मी उरलेल्या बारा स्कॅन केल्या. निकाल इतका सुंदर आला की मी रात्री दोन वाजता आईला फोन केला. परिषदेला सारांश गेला, पोस्टर छापून आलं, तेही भलंमोठं, चकचकीत कागदावर.

आमच्याकडे एक तंत्रज्ञ बाई होत्या. दर सोमवारी सकाळी त्या फँटम स्कॅन करायच्या. म्हणजे प्लास्टिकची एक गोल वडी, तिच्यात ठाऊक असलेल्या घनतेच्या हायड्रॉक्सिअपेटाइटच्या, म्हणजे हाडातल्या खनिजाच्या, दांड्या. आकडे त्या एका रूळ मारलेल्या वहीत पेन्सिलीनं लिहायच्या. एके दिवशी ती वही माझ्या टेबलावर उघडी ठेवून त्या न बोलता चहाला गेल्या. ट्यूब बदलल्याच्या तारखेपासून प्रत्येक दांडीचा आकडा खाली सरकला होता. कॅलिब्रेशन पुन्हा करायचं राहून गेलं होतं. माझ्या औषधानं केलेली निम्म्याहून अधिक कमाल त्या नव्या ट्यूबची होती.

सरांना सांगायला गेले. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग एवढंच म्हणाले, ‘स्कॅनचा क्रम कोणी ठरवला?’ मी म्हटलं, मी. चोवीसच्या चोवीस हाडं पुन्हा स्कॅन केली, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला, पाच रात्री गेल्या. फरक उरला, पण इतका पुसट की त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. सारांश मागे घेतला. पोस्टरची मागची बाजू पांढरी होती; ती मी पुढे कितीतरी महिने आकृत्या काढायला वापरली.

तर लॅब बघायला जाशील तेव्हा यंत्राचं मॉडेल विचारू नकोस, फँटमची वही माग. वही नसेल, किंवा ‘ते सॉफ्टवेअर आपोआप करतं’ असं उत्तर आलं, तर चहा घे, आभार मान आणि ये. वही असेल आणि तिच्यात दोन-तीन जणांचं अक्षर असेल तर जागा चांगली आहे. दुसरं म्हणजे हाड कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सोय त्याच इमारतीत आहे का, आणि हाड वाकवून मोडायचं यंत्र कुणाकडे आहे, हे बघ. स्कॅन केलेलं हाड कापता किंवा मोडता येत नसेल तर आपण चूक आहोत की बरोबर हे कधीच कळत नाही. तिसरं, गाइडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठ. गाइड चांगला आहे का असं विचारलंस तर सगळे हो म्हणतील. ‘तुमचा निकाल फसला तेव्हा काय झालं?’ असं विचार.

एक्स-रेला हाडातलं काय दिसतं हेही ध्यानात ठेव. त्याला खनिज दिसतं. हाडाच्या वजनात साधारण दोन-तृतीयांश ते असतं. कोलॅजन त्याच्या दृष्टीनं जवळपास नाहीच. हे विसरल्यानं काय होतं त्याची एक मोठी गोष्ट आहे, ती मी प्रत्येक बॅचला सांगते.

फ्लोराइड दिलं की हाडात खनिज वाढतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. मग ठिसूळ हाडांच्या बायकांना तेच का देऊ नये? अमेरिकेत मायो क्लिनिकमध्ये २०२ बायकांवर चार वर्षं चाचणी चालली, १९९० मध्ये निकाल छापला. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कण्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली होती. पस्तीस! असा आकडा दाखवायला आजही औषध कंपन्या काय वाटेल ते देतील. पण कण्याचे मणके दबायचे काही लक्षणीय कमी झाले नाहीत, आणि हात, पाय, खुबा इथली मोडणी औषध न घेतलेल्यांच्या तिपटीच्या आसपास गेली. हाड भरलं होतं, पण वाईट भरलं होतं.

आपल्याकडे हे आधीच दिसलं होतं. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून अशा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध झालं. पाण्यात फ्लोराइड, कणा बांबूसारखा ताठ, एक्स-रेत हाडं नको इतकी पांढरी. आपल्या यवतमाळ, चंद्रपूरकडेही बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड आहे. एक्स-रेवर पांढरं फटक दिसणारं हाड आतून कसं विणलेलं असतं, त्याचा कोलॅजन कसा असतो, मोडताना ते कसं मोडतं, हा प्रश्न तू विदर्भातल्या एखाद्या अस्थिरोग विभागाला सोबत घेऊन विचारू शकतेस. त्यासाठी झुरिचला जायची गरज नाही. झुरिचला शिकून ये, हवं तर.

मिरजेला आमच्या घरामागे सतारमेकरांची गल्ली होती. तंबोऱ्याला भोपळा निवडताना ते तराजू काढत नसत. बोटाच्या पेरानं चहूकडून टिचक्या मारत फिरायचे आणि कान द्यायचे. जड भोपळा म्हणजे चांगला भोपळा, असं तिथलं पोरसुद्धा म्हणालं नसतं. आपल्या शास्त्राला हे कळायला जरा उशीर झाला, कारण वजन करायचं यंत्र आपल्याकडे आधी आलं.

ते यंत्र म्हणजे डेक्सा, दवाखान्यात एक्स-रेनं हाडाची घनता मोजणारं. त्यावर उगाच राग धरू नकोस, ते स्वस्त आहे, किरण अगदी कमी लागतात, आणि त्याच्यामुळे लाखो बायका वेळेत उपचाराला लागल्या. पण ते ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर सांगतं. चौरस, घन नाही. हाडाची खोली त्याला दिसत नाही. त्यामुळे लहान चणीच्या बाईचं हाड असतं त्यापेक्षा विरळ वाटतं. माझी आई चार फूट नऊ इंच. तिचा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी बाईच्या हाडाशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे २.७ आला आणि शेजारच्या काकूंनी तिला जिना चढायची बंदी केली! हाड ठिसूळ म्हणायची उणे २.५ ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये मारली, आणि खुब्याची तुलना जिच्याशी होते ती बहुतेक ठिकाणी अमेरिकेतली गोरी तरुणी असते. उलट बाजूनं, खुबा किंवा मनगट मोडून येणाऱ्या कितीतरी बायकांचा स्कोर उणे २.५ च्या खाली गेलेलाच नसतो. त्यांच्या जाळीत काड्या किती उरल्या, त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, हे त्या आकड्यात नाही. काडी बारीक झाली तर पेशी तिच्यावर पुन्हा थर चढवू शकतात. एकदा मधून तुटली की थर कशावर चढवणार?

म्हणून जिवंत माणसाच्या हाडाची जाळी बघायचं यंत्र आलं. त्यात मनगट किंवा घोटा घालायचा, पहिल्या यंत्रांत ८२ मायक्रॉनचा ठिपका, नव्यांत ६१. कॅनडातल्या कॅल्गरीच्या गटानं १७ अंतराळवीर तसे बघितले. अवकाशातून परत येऊन वर्ष झालं तरी निम्म्याहून अधिक जणांचं नडगीचं हाड पूर्वपदावर आलं नव्हतं. तू विचारशील, मग खुबाच का बघत नाहीत, मोडतो तर तो? कारण भाव परवडत नाही. चित्रातला खरखरीतपणा तेवढाच ठेवून ठिपका निम्मा करायचा तर किरणांचा डोस सोळापट लागतो. हा सोळाचा आकडा स्वतः गणित करून काढ, मुलाखतीत नक्की विचारतात. जिवंत उंदराला दर आठवड्याला स्कॅन करायचा बेत आखशील तेव्हाही तो आठव. कधी कधी हाडात झालेला फरक आपल्याच किरणांनी केलेला असतो.

सॉफ्टवेअरचं उत्तर राहिलं. चित्रं तपासायचं फिजी आणि त्यातलं हाडांसाठीचं बोनजे, दोन्ही फुकट. पायथन नीट शिक, म्हणजे कुणी बटण दिलं नाही तर अडून बसणार नाहीस. २०४८ गुणिले २०४८ चे हजार छेद म्हणजे एका हाडाला आठ जीबीच्या वर, तेव्हा फाइलींना नावं द्यायची शिस्त पहिल्या दिवसापासून लाव. ‘फायनल’, ‘फायनल-२’ असली नावं दिसली तर मी उत्तर देणार नाही. झालं.

नोकरीबद्दल गोड बोलत नाही. आपल्याकडे मायक्रो-सीटीची यंत्रं आता बऱ्याच ठिकाणी आहेत, पण त्यांच्यापाशी बसलेल्या माणसाला पद नसतं. इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिप्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, इमेजिंगची बीमलाइन आहे. तिथे वेळ मागायचा अर्ज कसा लिहितात ते पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातच शिकून घे, ते विद्यार्थ्यांना माहीतच नसतं. स्कॅनर बनवणाऱ्या कंपन्यांतल्या नोकऱ्याही वाईट नाहीत, फक्त प्रवास फार. आणि कुठेही गेलीस तरी तुला ‘मशीनवाली’ करून टाकायचा प्रयत्न होईल. लोक डब्यात हाडं आणून देतील, ‘जरा स्कॅन करून दे ना’ म्हणतील. नाही म्हणू नकोस, पण पहिल्या स्कॅनच्या आधी विचार की प्रश्न काय आहे, उंबरठा कोण ठरवणार, आणि लेखावर नाव कुणाकुणाचं. उत्तर मेलवर घे. मी तोंडी घेतलं होतं. तीन वर्षांनी एका नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर मी काढलेलं चित्र दिसलं. आत शोधलं तर शेवटी आभारांत माझं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. भांडले नाही. आज वाटतं, भांडायला हवं होतं.

फिजिक्सवाली असल्याची लाज बाळगू नकोस आणि तोराही मिरवू नकोस. पहिलं वर्ष शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या मागे मागे फिर. सांधा बदलताना काढलेला खुब्याचा गोळा ते टाकून देतात. रुग्णाची संमती आणि नीतिसमितीची परवानगी घेऊन तो माग. पहिल्यांदा हातात घेशील तेव्हा तो कोमट असेल. सत्तर-बहात्तर वर्षांच्या कुणा बाईनं त्यावर पाणी भरलेलं, पोरं कडेवर घेतलेली. माझ्या टेबलावर स्कॅनच्या नमुन्याला नंबर असतो, नाव नसतं, ते योग्यच आहे. पण मी वहीत नंबरापुढे वय आणि काम लिहून ठेवते. ‘६८, शेतमजूर.’ ‘७४, शिक्षिका.’ जाळी बघताना त्याचा उपयोग होतो, आणि नाही झाला तरी लिहिते.

तर रविवारचं विसरू नकोस. नळी गोल असते, करवतीखाली घरंगळते. लाकडी फळीवर दोन्ही बाजूंनी खिळे ठोकून त्यांत ती आवळून बसव, बारीक दातांचं पातं घे, आणि पाणी शिंपडत कापत राहा, नाहीतर जळका वास घरभर होईल. भिंगातून फोटो काढून पाठव. तसाच, रंग न चढवता.

तुझी,
मॅडम
(मावशी म्हणालीस तरी चालेल)